धोंडी शिपायाची रजा

ज्या सबजेलची ही हकीकत आहे तिचं गाव मी सांगणार नाही. कर्जत आणि खालापूर यांच्या मधे कुठंतरी ती होती, एवढं पुरे. मी अजून सरकारची पेन्शन खातो आणि पुढं येणाऱ्या बऱ्याच कागदांवर माझी सही आहे.

धोंडी तिथला शिपाई. कचेरीच्या मागं एक लांबट कौलारू इमारत, तिच्यात दोन कोठड्या, पुढं पडवी, आवारात विहीर आणि एक फणस. एवढा सगळा तुरुंग, आणि तो चालवायला धोंडी एकटा. कागदावर जेलर होते आमचे हेडकारकून, पण ते मागच्या बाजूला फिरकत नसत. तिकडचा वास त्यांना सोसत नसे. त्यामुळं पहारा धोंडीचा, स्वयंपाक धोंडीचा, झाडलोट धोंडीची, आणि एखादा कैदी तापानं फणफणला तर काढाही धोंडीचाच. शिपायानं अष्टौप्रहर आवारात हजर राहावं असा नियम होता. रजा हवी तर आपल्या जागी बदली माणूस हवा, आणि बदली माणसाची जागाच मंजूर नव्हती. म्हणून एकोणीस वर्षांत धोंडीनं एकही दिवस रजा घेतली नव्हती.

त्याचं घर साजगावला, पायी दोन तासांवर. बायको जिजा बाजाराच्या दिवशी यायची, पडवीत बसून तासभर बोलायची, कधी वालाची उसळ आणायची, आणि परत जायची. त्या दोघांचा संसार हा असा आठवडी. गावात लोक म्हणायचे, त्या तुरुंगात जन्मठेपेचा एकच कैदी आहे आणि तो दाराबाहेर उभा असतो. मीही हसायचो. तेव्हा मी तरुण होतो, कचेरीत तिसरा कारकून होतो, आणि संध्याकाळी सहाला घरी जात होतो.

दरोडेखोर, खुनी वगैरे मातबर मंडळी मोठ्या तुरुंगांत जात. आमच्याकडं यायचे डोंगरातले ठाकर. कुणी राखीव रानातला साग तोडला, कुणी कोळसा पाडला, कुणी मोहाची दारू गाळली. पंधरा दिवस, महिना, अशा शिक्षा. आजोबाच्या वेळचं रान मधेच कधी राखीव झालं हे त्यांना पकडल्यावर समजायचं.

या लोकांसाठी धोंडीचा एक वेगळा कायदा होता. ठाकराच्या कमरेला मागं लाकडी आकडा असतो आणि आकड्यात कोयता. लोहाराकडून आपल्या हाताच्या मापानं घडवून घेतलेला. तो शेजाऱ्याला तासभरसुद्धा उसना द्यायचा नाही. कोयत्यावाचून ठाकराला ना फाटी तोडता येत, ना रानातून वाट काढता येत, ना चारचौघांत ताठ उभं राहता येत. कैदी आत आला की धोंडी त्याचा कोयता काढून पडवीतल्या खुंटीला टांगायचा. मग भातलावणी आली, किंवा घरी कुणी आजारी पडलं, की कैदी खुशाल घरी जायचा. अटी दोनच. कोयता खुंटीवर राहील, आणि आपल्या जागी घरचा एक माणूस आणून बसवायचा. भाऊ, मेव्हणा, चुलता, कुणीही. सकाळच्या मोजणीला सरकारला तीन डोकी पाहिजे असत, तर तीन डोकी असत. ती कुणाच्या धडावरची, हे सरकारनं कधी विचारलं नाही. एकोणीस वर्षांत त्या तुरुंगातून एकही माणूस पळाला नाही. म्हणजे आमच्याकडं कैद्याला रजा होती, बदली माणूसही होता. या दोन्ही सोयी नव्हत्या त्या फक्त शिपायाला.

तेवीस सालच्या भादव्यात धोंडी माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. एरवी तो कचेरीच्या पुढच्या बाजूला येत नसे.

"भाऊसाहेब, जिजा आठ दिस झालं हातरुणात हाय," तो म्हणाला. "चार दिस पायजेत."

मी अर्ज लिहिला. 'पत्नीच्या आजारपणास्तव चार दिवसांची रजा मिळावी.' अक्षर माझं चांगलं होतं. अर्ज जिल्ह्याला गेला, तिथून आणखी वर गेला, आणि वर म्हणजे कुठं ते आम्हांला कधीच नीट कळलं नाही. सरकारी काम आणि सहा महिने थांब. जिजाचा आजार काही थांबायला तयार नव्हता. दहाव्या दिवशी साजगावाहून निरोप आला की तिनं पेजही सोडली.

तेव्हा पोशा नावाचा ठाकर महिनाभराच्या शिक्षेवर आत होता. बुटका, रुंद, दिवसाकाठी चार शब्द बोलणारा. धोंडी भिंतीला टेकून बसलेला त्यानं आतून पाहिला आणि त्या दिवसाचे सगळे शब्द एकदम खर्च केले.

"तू जा रं धोंडू. मी हितं उभा ऱ्हातो."

"आनि तुझ्या जागी कोन?"

"लडकूला बलवतो."

लडकू पोशाचा मेव्हणा. तो दुपारपर्यंत आला आणि कोठडीत जाऊन बसला. पोशानं धोंडीचा सरकारी कोट चढवला, पट्टा बांधला, किल्ली घेतली. मग खुंटीकडं बोट केलं. कायदा म्हणजे कायदा. धोंडीकडं टांगायला कोयता नव्हता, म्हणून त्यानं आपली पानाची चंची टांगली आणि साजगावची वाट धरली.

मी हे सगळं खिडकीतून पाहत होतो. बोललो नाही. कारकुनाला न बोलण्याबद्दलच पगार मिळतो.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी, आगाऊ काही न कळवता, तुरुंगांच्या सुधारणेसाठी नेमलेले खास साहेब आले. देशी साहेब, पण विलायत करून आलेले. माणूस वाईट नव्हता, हे मी आधीच सांगून टाकतो. शिपायाला माणसासारखं वागवावं, त्याला रजा मिळावी, बदली माणूस मिळावा, त्याची नोंद नीट राहावी, असं त्यांना मनापासून वाटत होतं. वाईट माणसाच्या हातून एवढा घोळ झालाच नसता.

पडवीत पोशा ताठ उभा. कोटाच्या बाह्या बोटांच्या खाली लोंबत होत्या.

"नाव काय तुझं?" साहेबांनी विचारलं.

पोशा नाव सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात मी म्हणालो, "धोंडी, साहेब. एकोणीस वर्षं झाली याला."

का म्हणालो? मंजुरीवाचून शिपाई आवाराबाहेर सापडला तर बडतर्फ, एकोणीस वर्षं पाण्यात. दुसरं काही सुचलं नाही. सुचलं असतं तर मी कारकून कशाला राहिलो असतो?

साहेबांनी आवार पाहिलं, स्वच्छ होतं. डोकी मोजली, बरोबर होती. कोयते पाहिले, आणि मी सांगितलं की ही कैद्यांची मालमत्ता, नियमाप्रमाणे जपून ठेवलेली.

"कैदी पळतात का कधी?"

"कशाला पळंल?" पोशा म्हणाला. "कोयता हितं हाय ना."

साहेबांना त्यातलं काय समजलं कोण जाणे, पण त्यांनी ते वहीत उतरून घेतलं. मग त्यांची नवी सुधारणा पेटीतून बाहेर निघाली. प्रत्येक शिपायाचं सेवापुस्तक. पोशाला भिंतीशी उभं करून त्याची उंची मापली, पाच फूट दोन इंच. ओळखीची खूण, डाव्या नडगीवर कोयत्याचा व्रण. शेवटी डाव्या हाताचा अंगठा. वरती नाव माझ्याच वळणदार अक्षरात: धोंडी. शेरा साहेबांनी स्वतः लिहिला, की असा शांत, दक्ष आणि मोजकं बोलणारा शिपाई आपण उभ्या दौऱ्यात पाहिला नाही.

आमचा खरा धोंडी उंचीला पाच फूट आठ इंच. नडगी साफ.

तो सहाव्या दिवशी परतला, डोकं भादरून. माझ्याआधी तोच बोलला.

"वळखलं मला तिनं. म्हनली, आलात व्हय. मग म्हनली, किल्ली कोनाकडं हाय? म्या म्हनलं, पोशाकडं. म्हनली, मंग बरं." त्यानं खुंटीवरची चंची काढली. "दोन दिस होती त्येच्या फुडं. पोशामुळं गावली मला."

त्यावर मी त्याला सेवापुस्तकाचं सांगितलं. त्यानं ऐकलं, पान लावलं, आणि म्हणाला, "असूंदे. पोशा चांगला मानूस हाय." जणू मी एखाद्या सोयरिकीबद्दल विचारत होतो.

वर्ष गेलं. डोंगरावरून नळातनं पाणी सोडून खोपोलीला वीज काढत होते आणि ती थेट मुंबईला धाडत होते. आमच्या कचेरीत कंदीलच होता. पोशा सुटून वाडीवर गेला. सेवापुस्तक वर कुठंतरी फडताळात पडलं होतं आणि मी हळूहळू रात्रीचा झोपू लागलो होतो. तेवढ्यात चोवीसच्या आषाढात एकाच आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. फॉरेस्टच्या गार्डानं पोशाला सागाच्या दोन वाशांसकट पकडलं आणि त्याला एक महिन्याची शिक्षा झाली. आणि साहेबांचं पत्र आलं की सोमवारी येत आहोत, शिपायाचं माप व अंगठा सेवापुस्तकाशी ताडून पाहू. सोबत कैद्यांसाठी नवे छापील फॉर्म. आत येताना अंगठा, सुटताना अंगठा. म्हणजे आता डोकी मोजून भागणार नव्हतं.

धोंडी भिंतीशी उभा राहिला की सहा इंच जास्त भरणार. तोतया शिपाई म्हणून त्याची वीस वर्षांची नोकरी जाणार, वर खटला होणार, आणि खटल्यात पहिला साक्षीदार की दुसरा आरोपी म्हणून मी असणार. धोंडीची नोकरी वाचवायला धोंडी सोडून दुसरा माणूस पाहिजे होता, आणि तो दुसरा नेमका कैदी होऊन दारात उभा होता.

"त्यात काय, भाऊसाहेब," धोंडी म्हणाला. "सरकारला भायेर एक पायजे, आत एक पायजे. दोन मानसं हायत ना?"

त्यानं कोट काढून पोशाला दिला. पट्टा दिला. किल्ली दिली. पोशाचा कोयता खुंटीला टांगला, आणि वाकून कोठडीत शिरला. फॉर्मवर 'पोशा' या नावाखाली मी धोंडीचा अंगठा घेतला. हेडकारकुनांना हे माहीत होतं. पण आपल्याला माहीत आहे असं त्यांनी कागदावर येऊ दिलं नाही. मोठ्या माणसांचं हे कौशल्य मला पुढं कधीच साधलं नाही.

सोमवारी साहेब आले. माप बरोबर, व्रण बरोबर, अंगठा बरोबर. साहेब इतके खूश झाले की त्यांनी आणखी एक सुधारणा तिथल्या तिथं सुरू केली. हजेरीबुक. शिपायानं रोज सकाळी अंगठा करायचा, आठवड्याचा कागद टपालानं वर जायचा, आणि वर तो भिंगाखाली तपासला जायचा. निघताना त्यांनी कोठडीत डोकावून पाहिलं.

"हा उंच माणूस बेरकी दिसतो," ते पोशाला म्हणाले. "याच्यावर नजर ठेव."

"ठेवतो," पोशा म्हणाला.

धोंडीला तुरुंग मानवला. पहिले तीन दिवस तो नुसता झोपला, दिवसाढवळ्या, घोरत. वीस वर्षांची झोप शिल्लक होती. नंतर उठून बसला आणि पोशाच्या स्वयंपाकाला नावं ठेवू लागला. "मीठ नाय रं ह्यात," असा आवाज रोज कोठडीतून यायचा. पोशा बाहेर घामाघूम. विहिरीचं पाणी, झाडलोट, चूल, मोजणी, आणि वर तो अंगठा. एकदा तो मला म्हणाला, "भाऊसाहेब, ह्या शिक्षेपरीस आतली बरी." माझ्या माहितीत एवढं लांब वाक्य त्यानं दुसऱ्यांदाच उच्चारलं.

शिक्षेला अठरा दिवस झाले आणि सकाळी लडकू धापा टाकत आला. पोशाची बायको भागी, तिला ताप भरला होता. चौथा दिवस. पोटात अन्न नाही, माणूस ओळखत नाही.

पोशानं माझ्याकडं पाहिलं, मग हजेरीबुकाकडं. मी मान हलवली. एका दिवसाचा अंगठा चुकला तर कागद वर दिसणार, साहेब परत येणार, आणि मग धोंडीचं काय होणार ते सगळ्यांना ठाऊक होतं. लडकूचा अंगठा चालणार नव्हता, माझाही नव्हता. कैदी असता तर पोशा एव्हाना अर्धी वाट चालून गेला असता. तो शिपाई होता आणि शिपायाला रजा नव्हती. तो पडवीच्या पायरीवर बसला आणि कोटाचं एकच बटण लावत आणि काढत राहिला. मला त्याच्याकडं पाहवेना.

धोंडी गजांशी येऊन उभा राहिला होता. गेल्या भादव्यातली ती भिंत, तिला टेकून आपण बसलो होतो ती जागा, त्याला समोरच दिसत होती.

अकराच्या सुमाराला टपाल आलं. वरच्या लिफाफ्यात लाल शाईचा शिक्का मारलेला एक हुकूम होता. मी तो वाचला, हसलो, आणि मग मला हसवेना.

"काय हाय, भाऊसाहेब?" धोंडीनं विचारलं.

लपवून काय उपयोग होता? मी मोठ्यानं वाचलं. 'शिपाई धोंडी यांच्या अर्जावरून, त्यांस पत्नीच्या आजारपणास्तव चार दिवसांची रजा मंजूर करण्यात येत आहे. बदली माणसाची सोय स्थानिक लायक इसम पाहून करावी.' साहेबांच्या सुधारणेतून निघालेली ही जिल्ह्यातली पहिली रजा. वरातीमागून घोडं म्हणतात. इथं वरात जळून अकरा महिने झाले होते.

धोंडी गज धरून उभा होता. मी कागदाची घडी घातली, उघडली, परत घातली. मला त्या क्षणी त्या कागदाचा, त्या सुधारणेचा आणि माझ्या वळणदार अक्षराचा मनस्वी राग आला होता.

"भाऊसाहेब," तो म्हणाला, "कागदावर धोंडी कोन हाय?"

"पोशा."

"त्याची बायकू आजारी हाय का नाय?"

"आहे."

"मंग हुकूम बराबर हाय. द्या त्याला रजा."

मी हजेरीबुकात लिहिलं, 'रजेवर, मंजुरी सोबत.' खाली लिहिलं, 'बदली माणूस: स्थानिक लायक इसम नेमला.' या लायक इसमाचा अंगठा मी गजांतून घेतला. हा अंगठा कुणा कैद्याच्या फॉर्मवरही आहे हे वरच्या भिंगाला दिसलं नाही. भिंग फक्त शिपायांच्या कागदांसाठी मंजूर होतं.

पोशानं कोट आणि पट्टा उतरवला. आता कैदी नाही आणि शिपाई नाही असा तो पडवीत उभा राहिला, आणि सवयीनं खुंटीकडं पाहिलं. कोयता तिथं होताच. कायद्याप्रमाणं तो तिथंच राहायचा.

"त्यो घिऊन जा," धोंडी म्हणाला. "रानातली वाट हाय. पावसानं रान वाढलंय."

वीस वर्षांत त्यानं असं कुणाला सांगितल्याचं मी ऐकलं नव्हतं. पोशानं कोयता आकड्यात अडकवला, किल्ली गजांतून आत दिली, आणि लडकूच्या पुढं पळत सुटला.

पुढचे चार दिवस त्या सबजेलची व्यवस्था अशी होती. सकाळी कैदी आतून हात बाहेर काढून कुलूप उघडायचा, आवार झाडायचा, पाणी भरायचा, चूल पेटवायचा, बाकीच्या दोघांना जेवायला घालायचा, डोकी मोजायचा, त्यांत स्वतःला धरून. दिवे लागले की आत जाऊन, गजांतून हात काढून कुलूप लावायचा आणि किल्ली उशाशी घ्यायचा. माझा जीव टांगणीला लागला होता. खुंटी रिकामी होती आणि पोशाला परत यायचं काही कारण उरलं नव्हतं. तो रानात दिसेनासा झाला असता तर धोंडीची नोकरी गेलीच होती, वर दुसऱ्याच्या शिक्षेत तो अडकला असता. मी दोनदा त्याला तसं म्हणालो. त्यानं दोन्ही वेळा मला, जेवलात का, असं विचारलं.

पाचव्या दिवशी सकाळी, हजेरीच्या आधी, पोशा फाटकातून आला. गुडघ्यापर्यंत चिखल, डोळे तांबारलेले. आधी त्यानं कोयता खुंटीला टांगला. मग कोट चढवला.

"उठली?" धोंडीनं आतून विचारलं.

"उठली. पेज प्याली. मला म्हनली, किती दिस ऱ्हानार."

धोंडीनं मान हलवली. मग तो भिंतीकडं तोंड करून बसला आणि त्याचे खांदे हलू लागले. त्याला रडताना मी तेव्हाच पाहिलं. जिजा गेली तेव्हाही तो माझ्यासमोर रडला नव्हता. पोशा गजांपाशी उकिडवा बसून राहिला. मी शाईची दौत उगाचच पुसत उभा राहिलो.

थोड्या वेळानं धोंडीनं तोंड पुसलं.

"जिजाची रजा हाय ती," तो म्हणाला. "वाया नाय गेली."

मग त्यानं उशाखालची किल्ली काढून गजांतून पोशाच्या हातात दिली. "आता लाव रं कुलूप. माझं आठ दिस ऱ्हायलंत."